साहित्य संमेलनाला निघालात? मुख्य मांडवात कमी बसा

पहिल्यांदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला निघालेली मंडळी मला हमखास कार्यक्रमपत्रिका दाखवायला येतात. कुठल्या परिसंवादावर खूण केलीय, कुठला सोडलाय, सगळं ठरलेलं असतं. मी तालुक्याच्या गावचं वाचनालय सांभाळतो, पुस्तकखरेदीच्या निमित्तानं संमेलन गाठतो. खुणा खुशाल करा, पण सगळा बेत त्या पत्रिकेवर बांधू नका. परतलेल्या माणसाला विचारून बघा. परिसंवादाचा विषय त्याला धड आठवत नसतो. कुणाशी बोलणं झालं आणि पिशवीतून काय आलं, ते मात्र तो तासभर सांगतो.

राहण्याचं आधी उरकू. प्रतिनिधी शुल्क भरलंत की सोय होते, ती बहुधा एखाद्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात. अंथरूण-पांघरूण, कुलूप आणि मोबाइलच्या चार्जरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड न्या. बोर्ड असलेल्या माणसाची ओळख सगळ्यांत आधी होते! संमेलन बरेचदा जानेवारी-फेब्रुवारीत असतं, पण तारखा बघूनच कपडे भरा. उदगीरचं २०२२ चं संमेलन ऐन एप्रिलात होतं.

ग्रंथदिंडी चुकवू नका. शाळेची पोरं लेझीम खेळत असतात, दारादारांत रांगोळ्या असतात आणि शेजारून चालणाऱ्याशी बोलायला ओळख लागत नाही. उद्घाटनाचं मात्र मनाशी धरून चाला, की पाहुणे उशिरा येणार, सत्कार लांबणार, पुढचे कार्यक्रम सरकणार. अध्यक्षांचं भाषण छापून येतं आणि मंचावर वेळेअभावी त्यातलं बरंचसं गाळलं जातं. पुस्तिका मिळवा, मुक्कामी निवांत वाचा.

आता ग्रंथप्रदर्शन. खरं संमेलन इथंच भरतं असं माझं मत आहे, ग्रंथपालाचं म्हणून हवं तर थोडं वजा करा. पहिल्या फेरीत काही घेऊ नका, नुसतं फिरा. मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं तुम्हाला पुण्या-मुंबईतही मिळतील, घरपोचही येतील. पिशवीतली जागा राखायची ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासाठी, कारण तिथले जाडजूड ग्रंथ पाहिले की किंमत छापताना चूक झाली की काय असं वाटतं. दुसरी जागा जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या प्रकाशकासाठी. तिथं टेबलावर नवी पुस्तकं मांडलेली असतात. माल मागे, टेबलाखालच्या खोक्यांत. 'जुन्या आवृत्तीतलं काही शिल्लक आहे का?' एवढंच विचारा. तो खाली वाकतो, सुतळी सोडतो आणि कडा पिवळ्या पडलेल्या प्रती वर काढतो. किंमत आवृत्ती निघाली तेव्हाचीच. पानं उलटून फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे जुडगे, सगळे आहेत ना, ते तिथल्या तिथं बघा. वाचनालयासाठी घेत असाल तर सवलत स्वतःहून विचारा आणि बिल संस्थेच्या नावानं मागा.

लेखक गाठायचा असेल तर व्यासपीठामागे घुटमळू नका, तिथं स्वयंसेवक हाकलतात. दुपारच्या जेवणानंतर बरेचसे लेखक आपापल्या प्रकाशकाच्या स्टॉलवर खुर्ची टाकून बसलेले असतात. सेल्फी नंतर. आधी त्यांच्या पुस्तकातलं एखादं पात्र, एखादा प्रसंग काढून बोला, माणूस खुलतो.

कविकट्ट्यावर तासभर जाच. श्रोत्यांत निम्मे आपला नंबर यायची वाट बघणारे कवीच असतात आणि टाळ्याही त्या हिशेबानं पडतात. तरी मधूनच एखादी बाई उठून अशी कविता म्हणते, की रांगेतले कवी आपला कागद घडी करून खिशात घालतात.

त्याच गावात या संमेलनाला पर्याय म्हणून भरणाऱ्या विद्रोही साहित्य संमेलनाचा मांडव असेल, तर तिकडेही जा. वर्ध्यात २०२३ ला आणि अमळनेरला २०२४ ला दोन्ही मांडव एकाच गावात होते. इकडे जे विषय चालत नाहीत, ते तिकडे चालतात. दोन्हीकडे दिसलं तर लोक काय म्हणतील, ही काळजी पुढाऱ्यांना करू द्या.

अर्धा दिवस गावासाठी काढा. वर्ध्याला येऊन सेवाग्राम न बघता परतलेली माणसं मी पाहिली आहेत! अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, तिथं त्यांची शाळा बघायला कार्यक्रमपत्रिका लागत नाही.

शेवटच्या दिवशी खुल्या अधिवेशनात ठराव मांडले जातात. सीमाभागाचा ठराव ऐकून बाहेर पडलात तरी चालेल, कारण त्याच वेळी स्टॉलवाले खोकी बांधायला घेतात. परत न्यायचं ओझं त्यांनाही नकोच असतं, म्हणून घासाघीस तेव्हाच करायची. गठ्ठा जड झाला तर एसटीच्या पार्सलनं पाठवा आणि पावती पाकिटात नीट ठेवा.