घरातल्या सामानाचा विमा किती रकमेचा उतरवावा?

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात ते छातीइतके चढले होते. पाणी ओसरल्यावर विमा कंपनीने नुकसानीची यादी मागितली आणि मावशी वही घेऊन ओल्या ओट्यावर बसली. पहिल्या दिवशी तिला टीव्ही, फ्रीज, दिवाण आणि लोखंडी कपाट एवढेच आठवले. दुसऱ्या दिवशी घरघंटी, शिलाई मशीन आणि इन्व्हर्टरची बॅटरी आठवली, तिसऱ्या दिवशी गाद्या, रजया आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सतरंज्या. पंधरा दिवसांनी चार पाने भरली आणि बेरीज सहा लाखांच्या पुढे गेली. विमा मात्र दोन लाखांचा होता, कारण पॉलिसी घेताना एजंटने ‘दोन लाख टाकू या’ असे म्हटले होते आणि घरच्यांनी मान डोलावली होती. मावशीने पुरानंतर केलेली ती यादी पॉलिसी घेण्याआधी कशी करावी आणि तिच्यावरून विमा रक्कम कशी ठरवावी, हे येथे सांगत आहे.

प्रथम ‘सामान’ कशाला म्हणायचे हे ठरवावे. घर बदलताना जे टेम्पोत भरले जाईल ते सामान, ही ढोबळ व्याख्या बहुतेक ठिकाणी चालते. भिंतीवर बसवलेला एसी, गीझर, पंखे, गच्चीवरची सौर पॅनेल आणि पाण्याची टाकी हेही सामानातच येते. फरशीला, भिंतीला किंवा छताला कायमचे जोडलेले काम मात्र इमारतीचा भाग समजले जाते, आणि फ्लॅटमध्ये खरा घोळ येथेच होतो. दोन-तीन लाख खर्चून केलेले मॉड्युलर किचन आणि भिंतीत बसवलेली कपाटे सामानाच्या रकमेत धरायची की इमारतीच्या, हे कंपनीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा संस्थेने उतरवायचा असतो. पण त्यात तुमच्या घरातील सामान येत नाही, आणि तुम्ही स्वतःच्या खर्चाने केलेले अंतर्गत काम येईलच असेही नाही.

यादी खोलीनुसार करावी आणि सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी, कारण तेथेच लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. फ्रीज, ओव्हन, मिक्सर आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र चटकन लिहिले जाते, पण भांड्यांकडे कोणी लक्ष देत नाही. एक ट्रॉली ओढून पाहावी. तीन, पाच आणि साडेसात लिटरचे कुकर, जाड बुडाची कढई, बिडाचे दोन तवे, इडलीपात्र, पुरणयंत्र, सोऱ्या, स्टीलचे डबे, बारा माणसांची ताटे-वाट्या: यांतली एकेक वस्तू किरकोळ वाटते, पण आज दुकानात जाऊन ती सगळी ट्रॉली पुन्हा भरायची म्हटले तर वीस-पंचवीस हजार रुपये सहज लागतात, आणि अशा ट्रॉल्या घरात चार-पाच असतात. माळ्यावरचे पितळी हंडे आणि तांब्याचा बंबही मोजावा. ते कोणी वापरत नाही हे खरे, पण आजच्या भावाने ते काही हजारांचे आहेत.

कपड्यांच्या कपाटाचेही असेच असते. तेथे प्रत्येक नग मोजण्याची गरज नाही. रोजचे कपडे माणशी एक ठोक रक्कम धरून लिहावेत आणि पैठणी, इतर रेशमी साड्या, शेरवानी, गरम कपडे यांची वेगळी नोंद करावी. चांगल्या साड्यांचे फोटो काढताना काठ आणि पदर स्पष्ट दिसतील असे काढावेत, कारण नुकसान तपासायला विमा कंपनीकडून येणाऱ्या सर्व्हेअरला साडीची किंमत त्यांवरूनच कळते.

प्रत्येक वस्तूपुढे कोणती किंमत लिहायची हा पुढचा प्रश्न. खरेदीची किंमत लिहू नये आणि जुन्या बाजारातली तर मुळीच नको. तशीच किंवा तिच्यासारखी नवी वस्तू आज घ्यायला किती पडेल, ती रक्कम लिहावी. याने काही आकडे कमी होतात, कारण दहा वर्षांपूर्वी साठ हजारांना घेतलेल्या टीव्हीएवढा टीव्ही आज त्याहून स्वस्त मिळतो. पण सागवानी पलंग, कापसाच्या गाद्या आणि तांब्या-पितळेची भांडी यांचे आकडे एवढे वाढतात की एकूण बेरीज जवळजवळ नेहमी वरच जाते.

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचा हिशेब उदाहरण म्हणून मांडतो. बाहेरच्या खोलीतील सोफा, टीव्ही आणि एसी मिळून 1,20,000 रुपये. दोन्ही बेडरूममधील पलंग, गाद्या, सुटी कपाटे आणि एक एसी 1,90,000. वॉशिंग मशीनसह स्वयंपाकघर 1,80,000. चौघांचे कपडे, पांघरुणे आणि चपला-बूट 1,60,000. लॅपटॉप आणि मोबाइल 1,50,000. पुस्तके, शिलाई मशीन, देव्हारा आणि माळ्यावरचे सामान 50,000. बेरीज साडेआठ लाख होते. यादीत विसरलेल्या वस्तू आणि वर्षभरातली नवी खरेदी यांसाठी दहा टक्के वाढवले की रक्कम 9,35,000 रुपयांवर येते. या घरात उधळपट्टीची एकही वस्तू नाही, हे मुद्दाम लक्षात आणून देतो.

आता हाच आकडा पॉलिसीत आपोआप मिळणाऱ्या रकमेशी ताडून पाहू. विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिच्यात इमारत आणि सामान या दोन्हींचा विमा घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये, एवढे संरक्षण सामानाला कोणताही तपशील न देता मिळते. ही सोय चांगली आहे, परंतु इमारतीची विमा रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही. ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी काढली जाते, कारण जमिनीचा विमा नसतो. फ्लॅट 650 चौरस फुटांचा आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,500 रुपये धरला, तर इमारतीची रक्कम 16,25,000 येते आणि तिचे 20 टक्के म्हणजे सव्वातीन लाख. नव्वद लाखांना विकला जाणारा फ्लॅट असला तरी आतल्या सामानाला सव्वातीन लाखांचेच कवच मिळते, आणि वर मांडलेल्या कुटुंबाला ते निम्मेही पुरत नाही. अशा वेळी सामानाचा तपशील देऊन रक्कम वाढवून घ्यावी. पॉलिसीत तशी तरतूद आहे. भाडेकरूने इमारतीचा विमा घेण्याचे कारण नाही, केवळ सामानाचा घ्यावा आणि घरमालकाचे फर्निचर आपल्या यादीत धरू नये.

दागिने आणि चांदी या बेरजेत मिसळू नयेत. भारत गृह रक्षामध्ये दागिने, चांदीची भांडी, चित्रे आणि दुर्मीळ वस्तू यांना ‘मौल्यवान सामान’ असे वेगळे स्थान आहे आणि त्यांचे संरक्षण मागून घ्यावे लागते. देवघरातली चांदीची निरांजने, समया आणि मुलांच्या बारशात आलेल्या वाट्या-पेले याच गटात येतात, हे अनेकांना दावा करतानाच कळते. या वस्तूंचा विमा ठरवून घेतलेल्या मूल्यावर असतो. त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो. मात्र एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक नग एक लाखाच्या आत असेल तर दाखल्याची सक्ती नाही. सोन्याचा भाव ज्या वेगाने वाढतो तो पाहता जुना दाखला लवकरच अपुरा पडतो, म्हणून नूतनीकरणाआधी वजनावरून नव्याने हिशेब करावा आणि घडणावळही धरावी. रोख रकमेचा विमा या पॉलिसीत नाही.

दागिने लॉकरमध्ये असले म्हणून निश्चिंत होऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत मर्यादित आहे. भाडे 3,000 असेल तर तीन लाखांपुढे काही मिळत नाही, आणि पूर किंवा भूकंपाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, बँकेवर येत नाही. लॉकरमधील दागिन्यांना आपल्या पॉलिसीत संरक्षण आहे का, हे म्हणूनच स्वतंत्रपणे विचारावे.

घरफोडीसाठी वेगळा आकडा काढावा लागतो. भारत गृह रक्षामध्ये आग, पूर, भूकंप अशी घटना घडल्यानंतर तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच धरली जाते. सुट्टीत गावी गेलेल्यांचे कुलूप फोडून झालेली चोरी तिच्यात बसत नाही. त्यासाठी घरफोडीचे जादा संरक्षण घ्यावे लागते आणि तेथे हिशेबाची रीत बदलते. भारत गृह रक्षामध्ये विमा रक्कम कमी होती म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात होत नाही, फक्त रकमेची कमाल मर्यादा लागू होते. घरफोडीच्या पॉलिसीत मात्र अशी कपात सहसा असते. साडेआठ लाखांच्या सामानाचा सव्वाचार लाखांचाच विमा काढला आणि ऐंशी हजारांची चोरी झाली, तर हाती चाळीस हजारच येतात. चोर सोफा आणि पलंग नेत नाही हे खरे असले, तरी ते वगळून मनाने रक्कम कमी करू नये. एकूण मूल्य पूर्ण जाहीर करून भरपाईची मर्यादा त्याच्या काही टक्के ठेवण्याची ‘फर्स्ट लॉस’ पद्धत कंपनीकडे आहे का, असे विचारावे. शिवाय किंमत देताना घसारा, म्हणजे वापरामुळे कमी झालेली किंमत, वजा होतो का आणि घर किती दिवस सलग बंद राहिले तर संरक्षण थांबते, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांना वाटते की आपल्याला पुराची भीती नाही, तेव्हा कमी रक्कम चालेल. मला हे पटत नाही. पूर वर पोहोचत नसला तरी आग आणि भूकंप मजला पाहत नाहीत, आणि आग लागलीच तर जळण्यातून वाचलेले सामान धुराने आणि बंबाच्या पाण्याने जाते. आधी पूर्ण रकमेचा हप्ता विचारावा, मग पाच लाखांचा. दोहोंतला फरक पाहून बहुतेक जण पूर्ण रक्कमच निवडतील.

हे सगळे मोजण्यासाठी दिवाळीची साफसफाई हा सर्वांत सोयीचा काळ आहे. त्या दिवसांत डबे ओट्यावर आलेले असतात, माळा रिकामा झालेला असतो आणि गाद्या गच्चीवर पडलेल्या असतात. प्रत्येक खोलीत मोबाइलने सावकाश व्हिडिओ काढावा, कपाटांची दारे उघडून आतले दाखवावे, यंत्रांच्या मागचे मॉडेल आणि अनुक्रमांक टिपावेत आणि बिलांचे फोटो त्यासोबत ठेवावेत. हे सर्व केवळ त्याच घरातल्या लॅपटॉपवर ठेवू नये. स्वतःच्या ईमेलवर पाठवावे आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीला किंवा भावालाही द्यावे. माझी मावशी आता दर वर्षी धनत्रयोदशीच्या आधी तिची यादी मला पाठवते. गेल्या वर्षी तिच्यात नवी घरघंटी पहिल्याच ओळीत होती.