फॉल्टची लांबी पायाखालून घाला

एम.एस्सी. जिऑलॉजी करून भूकंपाच्या धोक्याच्या कामात आलो, तेव्हा वाटायचं की सगळी मेख गणितात असणार. गणित सोपं निघालं. फॉल्टची (जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात ती खडकातली फाट, पुस्तकातला भ्रंश) लांबी, खाली गेलेली रुंदी, एका झटक्यातली सरक आणि खडकाचा ताठरपणा यांचा गुणाकार केला की मोमेंट, म्हणजे भूकंपाच्या आकाराचं माप मिळतं, आणि त्यावरून मॅग्निट्यूड. 20 किमी लांब, 10 किमी रुंद फॉल्ट सरासरी 1 मीटर सरकला तर भूकंप साधारण 6.5 चा. एवढं पहिल्या आठवड्यात येतं. ते 20 किमी कुठून आणलं, याचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली.

सुरुवातीला मी उपग्रहाच्या चित्रावर दिसेल ती सरळ रेघ फॉल्ट म्हणून ओढायचो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सरळ रेघा ढिगाने दिसतात. काही डाइक (भेगेत शिरून घट्ट झालेला लाव्हारस) असतात, काही नुसते सांधे (खडक न सरकता पडलेल्या भेगा), काही ठिकाणी ओढाच सांध्याच्या कडेने सरळ वाहतो. लांबी दुप्पट धरली तर नेहमीच्या सूत्रांनी मॅग्निट्यूड साधारण 0.35 ने वाढतो, म्हणजे ऊर्जा तिपटीहून जास्त. चुकीची एक रेघ धरणाच्या डिझाइनपर्यंत जाऊन पोचते.

उलटी चूकही मी केली आहे. सह्याद्रीतल्या एका ओढ्यात दोन लाव्हा थरांमधला लाल बोलचा (लाव्हाखाली भाजलेल्या जुन्या मातीचा) पट्टा दोन्ही काठांवर एकाच उंचीला दिसला. थर हललेले नाहीत, तेव्हा इथे फॉल्ट नाही, असं मी वहीत लिहून टाकलं. बरोबरच्या ज्येष्ठांनी काहीच न बोलता माझा हात धरून खडकाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर फिरवला. एका बाजूने हात सरसर जात होता, उलट्या बाजूने अडकत होता. बारीक ओरखडे जवळजवळ आडवे होते. म्हणजे सरक आडवी झालेली. आडवे थर आडवेच सरकले तर उंचीत फरक पडणार कसा? 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा 6.3 चा भूकंप याच जातीचा, मुख्यतः आडव्या सरकेचा होता. डोणीचावाड्याजवळ जमिनीला तेव्हा तिरप्या भेगांची रांग पडली होती. त्या दिवसापासून ओरखड्यांचा कोन मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सरकेचा वेग हे याहून अवघड प्रकरण. एका झटक्यात 2 मीटर सरक आणि वर्षाला 0.5 मिमी हालचाल धरली तर दोन मोठ्या भूकंपांत 4000 वर्षं जातात. आपल्या लेखी नोंदी तेवढ्या मागे जातच नाहीत. म्हणून फॉल्टवर आडवा चर खणायचा, तुटलेले मातीचे थर ओळखायचे आणि त्यांचं वय काढायचं. संधी मिळाली तर चराच्या कामावर जाच, नुसती माती खरवडायला मिळाली तरी जा.

किल्लारी मात्र मनातून जात नाही. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. सुमारे 6.2 चा भूकंप आणि हजारो माणसं दगडमातीच्या भिंती नि मातीच्या जड छपरांखाली गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. फॉल्ट काळ्या मातीखाली आणि बेसाल्टखाली, वर आलेली फाट जेमतेम एखाद किलोमीटरची. ती फाट आधी दिसली असती तरी निव्वळ तिच्या लांबीवरून सूत्राने 5 च्या आसपासचा आकडा दिला असता. म्हणून ओळखीचे फॉल्ट मांडून झाले तरी 'न दिसणारा फॉल्ट' म्हणून संपूर्ण परिसर हाच भूकंपाचा एक स्रोत धरावा लागतो. नवशिके नेमकं हेच विसरतात.

सॉफ्टवेअरची धास्ती घेऊ नका. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि धोक्याच्या गणितासाठी ओपनक्वेक, दोन्ही फुकट आहेत, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुजबी आली तरी चालतं. अहवाल लिहिताना मात्र प्रत्येक फॉल्टच्या लांबीशेजारी आणखी एक रकाना ठेवा: यातले किती किलोमीटर तुम्ही स्वतः चालून पाहिले.