जस्टिफाय केल्यावर शब्दांत फटी पडतात? या चुका टाळा

कादंबरी असो की प्रबंध, टायपिंग संपलं की वर्डमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-जे (जस्टिफाय) दाबायचा मोह कुणालाच आवरत नाही. दोन्ही कडा झटक्यात सरळ होतात. मग पानं चाळताना मधेच एखादी ओळ दिसते: शब्द तीनच, आणि त्यांच्यात एकेक शब्द मावेल एवढी जागा. इथे बहुतेकांची पहिली चूक होते. कर्सर त्या ओळीत नेऊन ते स्पेस खोडतात, नाहीतर तेवढ्याच ओळीचा फाँट अर्ध्या पॉइंटने कमी करतात. ती ओळ सुधारते, पण पुढे एक शब्द वाढला की सगळं पुन्हा विस्कटतं.

फट जिथे दिसते तिथे चूक क्वचितच असते. ती असते त्या ओळीच्या शेवटी, नाहीतर पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दात. म्हणून काहीही दुरुस्त करण्याआधी होम टॅबवरचं ¶ हे बटण दाबा (कंट्रोल-शिफ्ट-8). पानभर ठिपके आणि खुणा दिसू लागतील. त्यांना बिचकू नका, सगळा पुरावा तिथेच आहे.

ओळीच्या शेवटी वाकडा बाण

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. ¶ ही खूण म्हणजे परिच्छेद संपला, आणि परिच्छेदाची शेवटची ओळ जस्टिफायमध्ये ताणली जात नाही. ↵ हा बाण येतो शिफ्ट-एन्टर मारल्यावर. त्याचा अर्थ, ओळ तोडली पण परिच्छेद चालूच आहे. साहजिकच वर्ड ती ओळ उजव्या कडेपर्यंत ओढतं. संवादांत हे हमखास होतं:

‘येतोस का?’            ती            म्हणाली.

उपाय सोपा आहे. कंट्रोल-एच दाबा, ‘मोअर’मधून ‘स्पेशल’ उघडा, वरच्या चौकटीत ‘मॅन्युअल लाइन ब्रेक’ आणि खालच्या चौकटीत ‘पॅराग्राफ मार्क’ निवडून ‘रिप्लेस ऑल’ करा. मात्र त्याआधी कविता, अभंग, पत्ते यांच्यावरून एकदा नजर फिरवा. तिथे बाण मुद्दाम घातलेले असतात. ते तसेच ठेवायचे असतील तर तेवढा मजकूर डावीकडे लावा. कविता जस्टिफाय करायची नसतेच.

बाण ठेवूनही ताण नको असेल, तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जाऊन अगदी तळाशी ‘लेआउट ऑप्शन्स’ बघा. शिफ्ट-रिटर्नने (म्हणजे शिफ्ट-एन्टरने) संपणारी ओळ ताणू नये, असा पर्याय तिथे आहे. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, रायटर, कम्पॅटिबिलिटी या वाटेने गेलं की उलट अर्थाचा पर्याय सापडतो. त्याची टिचकी काढायची. बाणाच्या आधी टॅब मारायची जुनी युक्तीही चालते, पण प्रकाशकाकडे मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की ते टॅब तिथल्या ऑपरेटरला निस्तरावे लागतात. मी तरी ती वापरत नाही.

पीडीएफमधून उचललेला मजकूर

इथे तक्रार नेमकी उलटी: जस्टिफाय करूनही काहीच होत नाही. कारण कॉपी करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ आलेलं असतं. वर्डच्या लेखी प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटचीच. सगळे ¶ एकदम उडवलेत तर खरे परिच्छेदही जातील. खऱ्या परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर आधी दोन सलग ¶ शोधून त्यांच्या जागी @@@ सारखी खूण ठेवा. मग उरलेल्या ¶ जागी एक स्पेस. शेवटी @@@ जागी पुन्हा ¶. पाठोपाठ दोन स्पेस शोधून एक करा, आणि वर्ड ‘शून्य बदल’ म्हणेपर्यंत हे चालू ठेवा.

वेबवरून आणलेल्या मजकुरात आणखी एक प्रकार असतो. दोन शब्दांमध्ये ठिपक्याऐवजी छोटं वर्तुळ (°) दिसलं, तर ती न तुटणारी स्पेस. अशा चार-पाच स्पेस सलग आल्या की ते सगळे शब्द एकमेकांना चिकटतात, एकगठ्ठा पुढच्या ओळीत जातात आणि मागची ओळ ताणली जाते. ‘स्पेशल’मधून ‘नॉनब्रेकिंग स्पेस’ निवडा आणि साधी स्पेस घाला. ‘डॉ.’ आणि आडनाव, किंवा आकडा आणि ‘रुपये’ यांच्यामध्ये मात्र ती मुद्दाम ठेवण्यासारखी आहे.

सफाईच्या भरात एक उद्योग टाळा: न दिसणारी सगळी चिन्हं एकदम उडवणं. काही कीबोर्डवर ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांतला अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हावर उभा असतो. ते गेलं की छापून येतं ‘दुसर्या’. स्पेलचेकने दाखवलं तर नशीब.

गूगल डॉक्समधून वर्डवर आलेल्यांची वेगळीच फजिती होते. तिथे कंट्रोल-शिफ्ट-जे म्हणजे जस्टिफाय. वर्डमध्ये तेच दाबलं की ‘डिस्ट्रिब्यूट’ लागतं. मग परिच्छेदाची शेवटची ओळसुद्धा कडेपर्यंत ताणली जाते. कंट्रोल-जे दाबा, काम झालं.

प्रश्नचिन्हाआधी स्पेस मारायची सवयही सोडा. ‘का ?’ असं लिहिलं तर कधी ना कधी ते एकटं प्रश्नचिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं.

मराठी शब्दच लांब असतील तर?

वरचं सगळं करूनही काही फटी राहतात, आणि त्यात टाइप करणाऱ्याचा दोष नसतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात. ‘महानगरपालिकेसमोरच्या’ हा एक शब्द ओळीत मावला नाही की अख्खा खाली उतरतो आणि वरच्या ओळीत भगदाड पडतं. मासिकाच्या दोन कॉलमच्या पानावर हे जास्त जाणवतं. आपोआप हायफन घालण्याच्या सोयीवर मराठीत भिस्त ठेवू नका. जिथे खटकतं तिथे कंट्रोल आणि उणेचं बटण दाबून हायफन घाला: ‘महानगरपालिके’ आणि ‘समोरच्या’ यांच्यामध्ये. हा हायफन शब्द ओळीच्या टोकाला आला तरच दिसतो, एरवी लपून राहतो. हे काम अगदी शेवटी करा, आणि फाइल प्रकाशकाकडे जाणार असेल तर करूच नका. कॉलम फारच अरुंद असेल तर सरळ डावीकडे लावलेला मजकूर जास्त वाचनीय दिसतो. उजवी कडा थोडी खालीवर झाली म्हणून काही बिघडत नाही. तळटीपेतल्या वेबपत्त्यांनाही हाच न्याय.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर वर्डच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरं असतात. आपोआप हायफनचा पर्याय चालू असला तर इंग्रजीचे नियम लागून वेलांटी वरच्या ओळीत आणि अक्षर खालच्या ओळीत, असंही होऊ शकतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, शब्दांच्या पोटात शिरलेल्या फालतू स्पेस काढा, मगच मांडणीला हात लावा.

जस्टिफाय करताना सगळं सिलेक्ट करण्याऐवजी मुख्य मजकुराला ‘बॉडी टेक्स्ट’सारखी वेगळी स्टाइल द्या आणि तिच्यातच ते लावा. ‘नॉर्मल’ला लावलंत तर त्यावर बेतलेल्या इतर स्टाइल आणि तक्त्यांमधले छोटे रकानेही ताणले जाऊ शकतात.

फाइल दुसऱ्या संगणकावर जाणार असेल आणि तिथे तुमचा फाँट नसेल, तर मंगलच्या जागी कोकिला येऊन सगळ्या ओळी नव्याने तुटू शकतात. ‘सेव्ह’च्या ऑप्शन्समध्ये फाँट फाइलमध्येच बसवण्याची सोय आहे, ती चालू करा. छपाईला द्यायची असेल तर सोबत पीडीएफ द्या. प्रकाशक मजकूर नव्याने सेट करणार असेल तर जस्टिफाय काढून, डावीकडे लावलेली साधी फाइल पाठवा.