ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) चित्र, ओवी आणि सिनेमा कसा वाचावा

जालना असो की पैठण, आठ-दहा जण आणि दीड तास पुरे. एका बैठकीला एकच कलाकृती घ्या.

सुरुवात डच चित्रकार रेम्ब्रांटने काढलेल्या, बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या चित्राने करा. घर सोडून पैसा उधळलेला मुलगा बापाकडे परत येतो, तो हा प्रसंग. चित्र फार काळोखं आहे. दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरवर अर्धं दिसतच नाही. म्हणून ए3 आकाराची रंगीत प्रिंट काढा, तीही चकचकीत कागदावर नको. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग फक्त काय दिसतं ते सांगा: मुलाचा झिजलेला जोडा, पाठीवर टेकलेले बापाचे दोन हात. ते सारखे नाहीत. एक रुंद, दुसरा नाजूक. उजवीकडे ताठ उभा असलेला माणूस बहुतेक थोरला भाऊ समजला जातो. यानंतरच बायबलमधला हा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा), लूक 15:11-32, मोठ्याने वाचा. आधी वाचलं, की लोक चित्र बघत नाहीत, दाखला आठवतात.

कवितेसाठी फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं 1616 सालचं क्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांतली ख्रिस्तकथा, घ्या. दहाच ओव्या, त्याही चालीवर म्हणायच्या. पैठणच्या नाथांनी भागवतासाठी वापरला तोच हा छंद, त्यामुळे आजीबाईसुद्धा सूर धरतात.

सिनेमाचा वीस मिनिटांचा तुकडा पुरतो. लाइट गेली तरी बैठक मोडत नाही.

नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक झाडात क्रूस शोधणं. दुसरी, पाळकांनी लगेच उपदेश सुरू करणं! त्यांना शेवटी बोलू द्या. पात्र पापी आहे म्हणून पुस्तक मिटायचं, तर बायबलमधल्या, स्वतः पाप केलेल्या दाविद राजाची गोष्टही वाचता येणार नाही.