भाचीचा पोर्टफोलिओ हलका केला तो असा

भाची आर्किटेक्ट झाली. जळगावहून पुण्या-मुंबईच्या ऑफिसांना अर्ज पाठवायचे, तर पोर्टफोलिओची (निवडक कामांच्या संचाची) पीडीएफ जीमेलच्या 25 एमबीत मावेना. फोटो 150 डीपीआयवर (इंचामागे ठिपके) आणले, तरी एक पान उघडताना अडकायचंच. दोष निघाला प्लॅनमधल्या दाट हॅचमध्ये, म्हणजे भाग भरायच्या रेघोट्यांत: हजारो सुट्या रेषा! तेवढा हॅच 300 डीपीआयची इमेज करून लावला. भिंती, मापं, अक्षरं व्हेक्टरच (इमेज न करता रेषांच्याच रूपात) ठेवली. पान झटक्यात उघडलं.

मग निवड. चकचकीत रेंडर (इमारतीची संगणकावर केलेली चित्रं) निम्मे काढायला लावले (रुसली जरा). त्यांच्या जागी धाब्याच्या घराचं मोजमाप पुढे आणलं: मातीचं छत, लाकडी कड्या, भिंतीच्या जाडीसकट सेक्शन (उभा छेद). ग्रुप प्रोजेक्टखाली तिचं काम नेमकं कोणतं, तेही लिहिलं. काळ्या मातीतल्या पायाचा डिटेल मात्र अजून कच्चा आहे. तो सुधारला की अर्ज जातील.