दरबारी कादंबरीवर अभिप्राय कसा लिहावा

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जा आणि अभिप्रायाची वही मागा. ऐतिहासिक कादंबरीखाली बहुतेक वेळा हेच सापडेल: ‘भाषा ओघवती आहे. लेखक आपल्याला थेट त्या काळात घेऊन जातो. एकदा हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही. संग्रही असावी अशी.’ वरचं नाव झाकलं तर ही कादंबरी देवगिरीच्या यादवांवरची, शनिवारवाड्यावरची की हैदराबादच्या निजामावरची, काही सांगता येत नाही. ही तर पुस्तक मिळाल्याची पोचपावती झाली.

लिहिणाऱ्याचा दोष यात निम्माच. ‘आधी कथानक, मग व्यक्तिरेखा, मग भाषाशैली, शेवटी संदेश’ हा साचा त्याला शाळेतच कोणीतरी हातात दिलेला असतो. तो विसरा.

आमच्या वाचक मंडळासाठी मी असे अभिप्राय लिहीत आलो आहे, इतरांचे तपासतही आलो आहे. उदाहरणासाठी माधवराव पेशव्यांच्या दरबारावरची एखादी कादंबरी धरू. त्या काळातली पेशवे आणि निजाम यांच्यातली एक मोठी लढाई आपल्याच भागात, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला झाली, त्यामुळे आपल्याकडचा वाचक तिच्याबद्दल तावातावाने बोलतोच.

वाचन आणि कथानक

वहीत पान क्रमांक टिपत वाचा. वाचनालयाच्या प्रतीवर रेघा मारू नका. लेखकाचं मनोगत शेवटी वाचा, नाहीतर त्याचीच वाक्यं तुमच्या अभिप्रायात उतरतात. कथानकाला तीन वाक्यं पुरे. थेऊरला शेवटी माधवरावांचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वयांचं पान काढा

हे काम कोणी करत नाही, आणि याच्याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. एका कागदावर मुख्य पात्रांची जन्मवर्षं लिहा आणि मोठ्या प्रसंगाच्या वेळी कोण किती वर्षांचं होतं ते काढा. राक्षसभुवनची लढाई 10 ऑगस्ट 1763ची. माधवरावांचा जन्म 1745चा, म्हणजे पेशवा 18 वर्षांचा. राघोबादादा म्हटलं की पिकल्या मिशांचे काका डोळ्यांसमोर येतात, पण त्यांचा जन्म 1734चा. त्या दिवशी त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. नाना फडणीस 21चे. धाकटा भाऊ नारायणराव तर आठ वर्षांचं पोर.

आता कादंबरीकडे वळा. हा 18 वर्षांचा पेशवा पानोपानी सुभाषितं बोलतो का? काका-पुतण्यांच्या भांडणात दोन तरुण माणसांचा ताठा आहे, की सिनेमातला म्हातारा खलनायक आणि त्याच्यासमोर साधुपुरुष? जे दिसेल ते पान क्रमांकासकट लिहा. तुमच्या अभिप्रायाचा कणा इथेच तयार होतो.

दालनात कोण उभं आहे?

‘दरबाराचं वैभव डोळ्यांसमोर उभं राहतं’ हे वाक्य यापुढे बंद. झुंबरं आणि जरीचे पडदे कोणीही लिहितो. दरबार चालतो मानावर. कोण बसलं, कोणाला उभं ठेवलं, वस्त्रं कोणाला मिळाली, विडा आधी कोणाला दिला, यावरून माणसं आयुष्यभराचं वैर धरत. लेखकाला हे कळलं आहे का, ते एखाद्याच प्रसंगात नीट पाहा.

दुसरं म्हणजे, वाड्यात निखळ एकांत जवळपास नसतोच. दाराशी हुजरे असतात, आत बायामाणसं असतात. पेशव्यांच्या वाड्यात कुणबिणी होत्या, पैसे मोजून घेतलेल्या बायका. कादंबरी त्यांना एखादं नाव देते का, की त्या नुसत्या तबक ठेवून पडद्याआड जातात? अभिप्रायात याबद्दल एक ओळ तरी यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता अवघड जागा: खरं किती?

इथे मीही पुष्कळ अडखळलो आहे, म्हणून इथे थांबू. वाचक दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक जण कशाच्याही आधाराशिवाय लिहितो, ‘कादंबरी इतिहासाशी प्रामाणिक आहे.’ दुसरा चुकांची यादी काढतो आणि खाली लिहितो, ‘इतिहासाचं विकृतीकरण.’ दोघांनीही कादंबरी वाचलेली नसते. पहिल्याने मुखपृष्ठ वाचलेलं असतं, दुसऱ्याने स्वतःचा राग.

वहीत टिपलेल्या प्रसंगांपुढे तीनपैकी एक अक्षर लिहायचं. ‘का’ म्हणजे कागदांत सापडणारं, ‘प’ म्हणजे परंपरेने चालत आलेलं, ‘ले’ म्हणजे लेखकाचं स्वतःचं.

‘का’साठी फार लांब जावं लागत नाही. पेशवे दफ्तरातले निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाईंनी 45 खंडांत छापून ठेवले आहेत. ते सगळे चाळायला मी सांगत नाही. त्यांची मराठी रियासत बऱ्याच जुन्या वाचनालयांत धूळ खात असते, तिच्यातलं त्या काळाचं प्रकरण वाचलं तरी पुरतं. अडलं तर ग्रंथपालाला विचारा, तो खूश होईल.

‘प’ मात्र फसवं आहे, कारण ते आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. देवगिरीचंच घ्या. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, किल्ल्यात घाईने धान्य म्हणून गोण्या चढवल्या आणि त्यांत मीठ निघालं, ही गोष्ट आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ती फिरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे, आणि फिरिश्ताने लिहिलं ते तीनशेहून जास्त वर्षांनी, विजापूरच्या दरबारात बसून. म्हणून गोष्ट खोटीच ठरते असं नाही. पण अभिप्रायात ‘हा इतिहास’ म्हणू नका. ‘लेखकाने परंपरेतली कथा घेतली आहे’ असं म्हणा आणि पुढे सांगा, त्या गोण्यांचं त्याने काय केलं. एखाद्या फितुराच्या माथी मारून मोकळा झाला, की गडावरच्या गोंधळाचं, धास्तीचं चित्र उभं केलं? साहित्याचा प्रश्न तो आहे.

‘ले’बद्दल तर फारच गैरसमज आहेत. नवरा-बायको रात्री काय बोलले हे कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही. ते काल्पनिकच असणार, त्यासाठीच तर कादंबरी वाचायची. ‘याला पुरावा काय?’ हा प्रश्न तिथे विचारू नये. विचारायचं एवढंच की हे बोलणं त्या माणसांच्या वयाला, त्यांच्या आदल्या वर्षीच्या अनुभवाला आणि त्या वाड्याच्या रीतीला धरून आहे का.

चुका सापडतीलच. यादवांच्या पंगतीत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि राजाच्या हातात हुक्का दिसला तर समजा लेखक झोपलाय. मिरची आणि तंबाखू, दोन्ही पोर्तुगीज आल्यावरच्या. देवगिरीला दौलताबाद हे नाव मिळालं तुघलकाच्या काळात आणि चांदमिनार उभा राहिला पंधराव्या शतकात, त्यामुळे यादवांवरच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर तो मिनार नको. पण अशी एखादीच चूक सांगून पुढे चला. अख्खा अभिप्राय मिरचीवर खर्च करणारे वाचक मी पाहिले आहेत, त्यांना कादंबरी आवडली की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्या भागातल्या वाचकासाठी एक वेगळा इशारा. ‘निजाम’ शब्द आला की इथे आवाज चढतो. कोणाच्या आज्याने रझाकार पाहिलेले असतात, 17 सप्टेंबर 1948 हा निजामाच्या राज्यातून सुटकेचा दिवस घराघरात सांगितला जातो. तो राग खरा आहे, पण 1763च्या निजाम अलीवर तो ओतला की वाचन बिघडतं. त्या वर्षी निजामाने पुणं लुटलं हे खरं. पण राक्षसभुवनला निजामाच्या बाजूने लढताना मारला गेला तो त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर, ब्राह्मण. नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाकडे होते आणि ऐन वेळी फिरले. असला गुंता ज्या कादंबरीने सरळ दोन रंगांत रंगवला असेल, तिला मी तरी दरबारी कादंबरी म्हणणार नाही, मग तिच्या कितीही आवृत्त्या निघोत.

एक सोय मात्र आपल्याकडे आहे, ती पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे नाही. आपण गोदावरी पाहिलेली आहे. निजाम सैन्याचा मोठा भाग घेऊन पलीकडे गेला, नदी फुगली आणि विठ्ठल सुंदर अलीकडे अडकला. सगळी लढाई त्या पाण्यावर फिरली. आज वर पैठणला जायकवाडी आहे. 1976 मध्ये धरण झालं आणि नदीला लगाम बसला, त्यामुळे काठावर जाऊन आजचं पाणी बघून लेखकाला तोलू नका. धरणाआधीचा पूर पाहिलेलं कोणी घरात असेल तर त्यांना तेवढी चार पानं वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्या.

प्रत्यक्ष लिहिताना

वाईट अभिप्राय असा: ‘राक्षसभुवनच्या लढाईचं वर्णन अप्रतिम असून इतिहासाला धरून आहे.’

बरा अभिप्राय साधारण असा: ‘विठ्ठल सुंदर पडतो आणि निजाम पलीकडच्या तीरावरून बघत राहतो, हे इतिहासाशी जुळतं. लढाईनंतरचं काका-पुतण्यांचं बोलणं लेखकाचं आहे. ते पटतं, कारण आदल्याच वर्षी आळेगावला पुतण्या काकाला शरण गेला होता आणि लेखक तो विषय दोघांच्याही तोंडी येऊ देत नाही. नदी मात्र नुसती दुथडी भरून वाहते. तिला ओढ नाही, गढूळपणा नाही. घोडा पाण्यात घालायला माणूस का कचरतो ते कळत नाही.’

तीन थर वेगळे झाले, मत आलं, कारणही आलं. ‘अप्रतिम’ची गरज पडली नाही.

शेवट

‘प्रत्येकाने वाचावी’ लिहू नका. कोणी वाचावी आणि कोणी वेळ घालवू नये, ते लिहा. लढाया हव्या असणाऱ्याला कारभाराची पानं कंटाळवाणी होणार असतील तर तसं सांगून टाका. मंडळात वाचून दाखवायचा असेल तर दीड पानाच्या वर जाऊ नका, खाली नाव आणि गाव लिहा. आणि पुस्तक मुदतीत परत करा, पुढच्याने नंबर लावलेला असतो.