मुरुमांचे काळे डाग: घालवण्याच्या घाईत होणाऱ्या चुका

मुरूम आठ-दहा दिवसांत बसतो, पण त्याने मागे ठेवलेला काळा डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. मला मुरमांपेक्षा या डागांनीच जास्त छळलं. अकरावीपासून पदवीपर्यंत फोटो काढायचा म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकायचे. त्या वर्षांत केलेल्या जवळजवळ प्रत्येक उपायाने माझे डाग आणखी गडद झाले. असं का होतं, ते समजलं असतं तर निम्म्या चुका टळल्या असत्या. म्हणून आधी तेच सांगते.

मुरूम म्हणजे त्वचेतला दाह. दाह झाला की तिथल्या रंगपेशी चवताळतात आणि गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन तयार करतात. तोच काळा-तपकिरी डाग. रंगपेशींची संख्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते, पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत त्यांनी बनवलेले मेलॅनिनचे कण मोठे असतात आणि त्या पेशी लहानशा निमित्तानेही कामाला लागतात. मग ते निमित्त मुरूमच असावं असंही नाही. चेहऱ्यावर जे जे झोंबतं, चरचरतं, सोलतं, ते सगळं नव्या डागाचं बी. ही एक गोष्ट मनात ठेवलीत तर पुढच्या बहुतेक चुका तुम्हाला आपसूकच ओळखू येतील.

चुकीच्या डागावर उपाय करणं

मुरुमानंतर तीन वेगळ्या गोष्टी मागे राहू शकतात आणि आपण तिन्हींना डागच म्हणतो. तपकिरी-काळा, पण हाताला सपाट लागणारा तो रंगाचा डाग. लालसर-गुलाबी असेल तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. स्वच्छ काचेचा पेला त्यावर हलकेच दाबून बघा. लाली दाबाखाली फिकी पडते, काळा डाग तसाच राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे खड्डा. बोट फिरवलं की तो जाणवतो, आणि कोणतंही क्रीम तो भरून काढत नाही. खड्ड्यांवर डागांची क्रीमं लावत बसलेल्या किती तरी जणी मी पाहिल्या आहेत. पैसे जातात आणि मन खचतं.

गालांवर दोन्ही बाजूंना सारखेच पसरलेले तपकिरी पट्टे असतील तर ते वांग, म्हणजे मुरमांशी संबंध नसलेला रंगविकार, असू शकतात. मान आणि काख काळपट, मखमलीसारखी जाडसर झाली असेल तर त्याचा संबंध बहुधा शरीरातल्या इन्सुलिनशी असतो. या दोन्हींचा रस्ता निराळा.

घासणं, लिंबू आणि बेकिंग सोडा

डाग म्हणजे मळ, घासला की निघेल, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलेला आहे. माझ्या आजीने प्रेमाने डाळीच्या पिठात लिंबू पिळून दिलं होतं आणि मी ते रोज खसाखसा चोळायचे. उटण्यावर माझा राग नाही. दिवाळीला लावावं, हलक्या हाताने धुवावं. पण मुरूम आलेल्या चेहऱ्यावर भरड पीठ, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब किंवा अंग घासायचा दगड फिरवणं म्हणजे रोज नवा दाह करणं. नुसत्या घर्षणानेही त्वचा काळवंडते. घासणीने रोज अंग घासणाऱ्यांच्या खांद्याच्या आणि मानेच्या हाडांवर हे स्पष्ट दिसतं.

लिंबाचा त्रास दुहेरी आहे. त्वचा स्वभावतःच किंचित आम्लधर्मी असते, पण लिंबाचा रस तिला झेपण्यापेक्षा कितीतरी जास्त आम्ल असतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांत अशी काही द्रव्यं असतात की रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर तिथे भाजल्यासारखं होतं आणि मागे गडद पट्टा उरतो. उन्हाळ्यात सरबत करताना हातावर रस उडाला, तसेच उन्हात गेलो आणि चार दिवसांनी काळे ओघळ उमटले, असं पुष्कळांना झालेलं असतं. तेच आपण हौसेने चेहऱ्यावर करतो. बेकिंग सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. टूथपेस्टही तशीच झोंबते. दोन्ही बाथरूममध्ये आणि स्वयंपाकघरातच राहू द्या.

मुरूम फोडणं आणि खपली काढणंही यातच आलं. दाबलेल्या मुरुमातला पू बाहेर येतो तितकाच आतही पसरतो. दाह खोल गेला की रंगही खोल झिरपतो. वरच्या थरातला डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत ओसरतो. खालच्या थरात गेलेला निळसर-राखाडी दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकू शकतो. हात फारच शिवशिवत असतील तर मुरुमावर हायड्रोकोलॉइडचा (ओलावा शोषून घेणाऱ्या पट्टीचा) छोटा गोल पॅच चिकटवा. माझ्या धाकट्या बहिणीची सवय त्यानेच सुटली.

मेडिकलमधून मागून आणलेली ट्यूब

माझी सगळ्यात मोठी चूक ही. मावसबहिणीने ट्यूबचं नाव सांगितलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिली आणि तीन आठवड्यांत माझा चेहरा खरोखरच उजळला. मुरूम दिसेनात, डाग फिके झाले. कॉलेजात सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना तीच ट्यूब सांगितली. आजही मला त्याचं वाईट वाटतं. चौथ्या महिन्यात ट्यूब संपली तेव्हा दोन दिवस लावली नाही, तर चेहरा लालभडक झाला, आग व्हायला लागली आणि एकसारख्या बारीक पुटकुळ्या उठल्या. घाबरून पुन्हा लावली, तर शांत झालं. हे चक्र वर्षभर चाललं.

त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं होती. त्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी मोजके आठवडे, स्वतःच्या देखरेखीखाली देतात. रोजच्या क्रीमसारखं लावत राहिलं की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर केस वाढतात आणि मुरूम पुन्हा येतात. म्हणजे आणखी डाग. आपल्या देशात हा प्रकार इतका बोकाळला की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करणारा बदल नियमांत केला. तरीही ती सहज मिळतात. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. ते हळूहळू सोडवतात.

नुसतं हायड्रोक्विनोनही दीर्घकाळ लावलं तर काहींच्या त्वचेत निळसर-काळा रंग बसतो आणि तो काढणं मूळ डागापेक्षा अवघड असतं.

आणि घटकांची यादीच नसलेली, डबीतली गोरं करणारी क्रीमं? ती अजिबात नकोत. त्यांतल्या काहींमध्ये पारा असतो. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघांच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीतून पुढे आलं होतं. केरळातल्या मलप्पुरममध्येही अशा रुग्णांची नोंद झाली आहे.

मुरूम चालू ठेवून डाग पुसणं

नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे हे. आठवड्याला दोन नवे मुरूम येत असतील तर आधी ते थांबवा. सुदैवाने दोन्ही कामं करणारी, चेहऱ्याला लावायची औषधं आहेत. अ‍ॅडापलीन मुरूम रोखतं आणि पेशींची उलाढाल वाढवून रंगही ओसरवतं. अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड मुरमांवर चालतं आणि अती तापलेल्या रंगपेशींनाही शांत करतं. गरोदरपणात अ‍ॅडापलीन टाळतात, पण अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड सुरक्षित मानलं जातं. तरी अशा वेळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. कपाळावरच मुरूम येत असतील तर केसांना चोपडलेलं तेल उशीवर आणि कपाळावर उतरतंय का ते पाहा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची (बायकांमधल्या संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या.

उन्हाचं अर्धंमुर्धं

सनस्क्रीनशिवाय डागांवर पैसे खर्चू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. डबीवर एसपीएफ 30 किंवा जास्त आणि पीएपुढे तीन-चार प्लसची चिन्हं हवीत; हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण दाखवतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ ओढता येईल इतकं. आपण बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. खिडकीची काच एक प्रकारचे अतिनील किरण बरेचसे अडवते, पण दुसऱ्या प्रकारचे आत येतातच, त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर बसणारेही यातून सुटत नाहीत. सावळ्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडतो. त्याला अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन उपयोगी पडतं, आणि चेहरा पांढराफटकही दिसत नाही.

पुण्यात दुचाकीवरून जाताना तोंडाला गुंडाळतो तो स्कार्फ ऊन छान अडवतो. पण घामाने भिजलेला तोच स्कार्फ आठवडाभर वापरला की हनुवटीवर मुरूम हमखास. रोज धुतलेला, सुती, सैल बांधलेला हवा.

सगळं एकदम, आणि तेही लगेच

व्हिटॅमिन सी, नियासिनामाइड, ग्लायकोलिक, रेटिनॉल, सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं की चेहरा सोलवटतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट. अ‍ॅडापलीन असेल तर रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आधी आठवड्यातून दोनच रात्री, वर मॉइश्चरायझर. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटू शकतात. जरा कोरडेपणा चालेल, पण आग, सूज किंवा सतत लाली आली तर थांबा, आठवडाभर नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावा, मग आणखी विरळ सुरुवात करा. पार्लरमध्ये वरच्या ओठाला वॅक्स करायचं असेल तर हे क्रीम आठवडाभर आधी बंद ठेवा. नाहीतर मेणासोबत साल निघते आणि तिथे नवा डाग पडतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

फरक दिसायला निदान दोन-तीन महिने लागतात. रोज आरशात मोजत बसलात तर तो दिसणारच नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा.

पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलणं) आणि लेझरचा उपयोग होतो, पण आपल्या त्वचेवर जोर जास्त झाला तर भाजून नवे डाग येतात. ते पार्लरचं काम नाही. लग्न पंधरा दिवसांवर आलंय म्हणून तर मुळीच करू नये.

तीन-चार महिने नीट उपाय करूनही फरक नसेल, डाग निळसर असतील किंवा खड्डे पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, डबी आणि घरगुती लेपाची बाटलीसुद्धा पिशवीत घालून न्या. मी पहिल्या भेटीला लाजून ती ट्यूब घरीच ठेवली होती, आणि डॉक्टरांना खरं कारण सापडायला त्यामुळे आणखी दोन महिने लागले.